कागदपत्रं नसलेली मुलं आणि कॉलेज : शिक्षकांना काय करता येईल? (अमेरिका)

पाटीखडू (धागाकर्ती)

नमस्कार. इथे अमेरिकेत शिकवणारे बरेच जण आहेत, कुणी शाळेत, कुणी कम्युनिटी कॉलेजात, कुणी युनिव्हर्सिटीत. मुख्यतः त्यांच्यासाठी हा धागा काढतेय, पण इथल्या पालकांनीही वाचावा.

मी कॅलिफोर्नियातल्या सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बारावीचं वर्ष लागलं की कॉलेजच्या अर्जांची धांदल उडते आणि नेमकं त्याच सुमारास एखादं चांगलं चाललेलं पोर गप्प गप्प व्हायला लागतं. कॅल्क्युलसमध्ये वर्गात पुढे असलेली मुलगी म्हणते, "मिस, मी यंदा अर्ज नाही भरत. आधी काहीतरी काम बघते." यात आळस नसतो. घरात कुणाकडे इथे राहण्याची कागदपत्रं नसतात, आणि पुष्कळदा मुलीला स्वतःलाच ते फॅफ्सा (कॉलेजसाठी केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज) किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा फॉर्म समोर आल्यावर पहिल्यांदा कळलेलं असतं.

"कागद नाहीत म्हणजे कॉलेज नाही" हा समज मुलांइतकाच शिक्षकांच्याही डोक्यात पक्का बसलाय. तो खरा नाही. अशा विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नका असं सांगणारा केंद्राचा कायदा नाही. अडवणूक आहे ती मोजक्या राज्यांत. साउथ कॅरोलायना आणि अलाबामात सरकारी कॉलेजं बंद आहेत, जॉर्जियात निवडक वरच्या युनिव्हर्सिट्या. बाकी देशभर मिळून अशी चार लाखांहून जास्त मुलं आज कॉलेजात शिकताहेत आणि त्यातली साधारण पाव आशियाई आहेत. हा प्रश्न मेक्सिकोच्या सीमेवरून आलेल्यांचा आहे असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. टुरिस्ट व्हिसावर येऊन राहिलेली, वडिलांची नोकरी गेल्यावर एच-१बी हातचा गेलेली, आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेली भारतीय कुटुंबंही यात आहेत. मराठी घरंही आहेत. ती मंडळाच्या गणपतीला येतात आणि "मुलगा यंदा गॅप घेतोय" एवढंच सांगतात.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: कुणालाही विचारू नका, सगळ्यांना सांगा.

"तुझं स्टेटस काय?" हा प्रश्न शिक्षकाने कधीच विचारायचा नाही, प्रेमानेसुद्धा नाही. पण वर्षाच्या सुरुवातीला अख्ख्या वर्गाला, कुणा एकाकडे न बघता, सांगायचं की सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज भरता येतो, ती जागा रिकामी सोडायची. ज्याने कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल केलंय आणि इथूनच पास झालाय, त्याला एबी ५४० खाली राज्यातल्या विद्यार्थ्याचीच फी लागते, मग कागद असोत नसोत. हा कायदा २००१ चा आहे. यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) राज्याबाहेरच्यांची जादा फी वर्षाला ३४ हजार डॉलरच्या वर जाते, म्हणजे हे एक वाक्य वेळेत कानावर पडलं की नाही यावर त्या पोराचं कॉलेज ठरतं. फॅफ्साऐवजी राज्याचा वेगळा फॉर्म आहे, कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन, आणि राज्याच्या कॅल ग्रँट या मदतीसाठी २ मार्चची तारीख सांभाळायची. हे सगळं मी फळ्याच्या बाजूला छापूनच लावलंय. ज्याला लागेल तो येता-जाता वाचतो, त्याला हात वर करावा लागत नाही.

आणि मूल आपणहून सांगायला आलंच, तर ऐकून घ्यायचं आणि कुठेही लिहून ठेवायचं नाही. शाळेच्या ईमेलमध्ये नाही, काउन्सेलरच्या सिस्टिममधल्या नोंदीत नाही, सहकाऱ्याला पाठवलेल्या मेसेजमध्ये नाही. फर्पा हा १९७४ चा कायदा विद्यार्थ्याची नोंद गुप्त ठेवायला सांगतो, पण कोर्टाचा आदेश आला तर नोंद द्यावी लागते. जी नोंद केलीच नाही ती मागणार कोण?

शिफारसपत्राचं तेच. आपण कौतुकाच्या भरात "स्थलांतरित म्हणून किती अडचणींतून आली" असं लिहून जातो आणि मुलीने कुणालाही न सांगितलेली गोष्ट दहा कॉलेजांना सांगून मोकळे होतो. पत्र पाठवण्याआधी तिला दाखवायचं आणि हे राहू दे का असं विचारायचं. तिने नको म्हटलं तर ते वाक्य काढायचं.

तुमच्याकडे काय चालतं, काय अडतं ते लिहा.

रानजाई

धागा वाचून अंगावर काटा आला. आम्ही न्यू जर्सीत, मुलगा दहावीत. आमच्याकडे कागद आहेत, पण २१ पर्यंतचेच. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा त्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४वर. ग्रीन कार्डचा अर्ज कधीचा पडून आहे, कारण एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आणि भारताची रांग दहा-बारा वर्षांहून मागे. मुलगा तीन वर्षांचा असताना आलो, त्याला दुसरा देश आठवतही नाही. २१ ला तो एच-४ मधून बाहेर पडणार. मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्या, नाहीतर जा.

अशी दोन लाखांच्या आसपास मुलं आहेत म्हणतात. ही डाकातही (लहानपणी इथे आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि वर्क परमिट देणारी योजना) बसत नाहीत, कारण डाकाची अटच अशी की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे वैध स्टेटस नसावं. आम्ही नियम पाळले म्हणून मुलगा त्या दारातूनही बाहेर. (मुळात आमचा मुलगा त्यानंतर आला, पण मैत्रिणीच्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.) अशा मुलांसाठीचं विधेयक, अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट, २०२१ पासून काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडला जातो, पास होत नाही. आणि ऑगस्ट २०२५ पासून ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय मोजायचा तक्ताही बदललाय, जो थोडा आधार होता तोही गेला.

शाळेच्या काउन्सेलरला एच-४ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. म्हणाली, "तुम्ही लीगल आहात ना, मग फॅफ्सा भरा." फॅफ्सा एच-४ला चालत नाही. पाटीखडू, तुमच्यासारखं कुणी आमच्या शाळेत असतं तर बरं झालं असतं.

स्पष्टच_सांगतो

मला हे पटत नाही आणि पटत नसताना गप्प बसणं बरं नाही, म्हणून लिहितो. मी चौदा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. आजारी वडिलांना भेटायला गेलो तर परत येताना व्हिसाचं स्टँपिंग मिळेल का या धास्तीने दोनदा तिकीट रद्द केलं. वडील गेले. रानजाईंच्या मुलाला फॅफ्सा नाही, आणि ज्यांनी नियम मोडले त्यांच्या मुलांना राज्यातली फी? शिक्षकांनी कायद्याच्या बाजूने उभं राहावं की कायद्याला वळसा घालायला शिकवावं? राग नाही, मनापासून विचारतोय.

पाटीखडू

स्पष्टच_सांगतो, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. ही रांग क्रूर आहे, याबद्दल माझं काहीच वेगळं मत नाही.

पण शिक्षकाच्या बाजूचा कायदा सांगते. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा केला की कागदपत्रं नसलेल्या मुलांचे पैसे राज्य शाळांना देणार नाही. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी मग अशा मुलांना वर्षाला हजार डॉलर फी लावली. काही पालक कोर्टात गेले. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली. त्या दिवशी ते पालक सामान गाडीत भरूनच कोर्टात आले होते, तिथूनच हाकलून देतील या तयारीने. तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या निकालात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की शाळेत या मुलांना अडवता येणार नाही. आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलाला देणं न्याय्य नाही, हा त्यामागचा विचार होता. मी ज्या शाळेत शिकवते ती या निकालाखाली चालते. बारावीपर्यंत मी त्या मुलीला शिकवायचं हे कायद्याने ठरलेलं आहे. बारावीनंतर तिला खरी माहिती द्यायची नाही, असं मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

राज्यातल्या फीबद्दल: १९९६ चा केंद्राचा कायदा म्हणतो की नुसत्या राहण्यावरून या मुलांना सवलत द्यायची असेल तर सगळ्या नागरिकांना द्या. म्हणून राज्यांनी अट राहण्याची न ठेवता त्याच राज्यात हायस्कूल करण्याची ठेवली. ती अट पूर्ण करणारा बाहेरच्या राज्यातला नागरिकही एबी ५४० मध्ये बसतो आणि असे बरेच असतात.

एच-४च्या मुलांवर होणारा अन्याय खरा आहे, पण त्या मुलीची फी वाढवून तो कमी होत नाही.

घाटमाथा

टेक्सासमध्ये कम्युनिटी कॉलेजात ॲडव्हायझर आहे, म्हणून इथली स्थिती लिहितो. राज्यातल्या फीची ही सवलत देणारं पहिलं राज्य टेक्सासच, २००१ मध्ये, आणि ते विधेयक दोन्ही पक्षांच्या मतांनी पास झालं होतं. चोवीस वर्षं चाललं. ४ जून २०२५ ला केंद्राच्या न्याय खात्याने दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान्य केलं आणि न्यायाधीशांनी त्याच दिवशी सही केली. एका दिवसात संपलं. फ्लोरिडानेही त्याच वर्षी कायदा करून आपली सवलत काढली.

आमच्या टेबलासमोर बसलेल्या मुलाला दोन सेमिस्टर झालेली, पुढची फी कितीतरी पट. अशा वेळी नुसती सहानुभूती दाखवून भागत नाही. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसतो. कुठले क्रेडिट कमी पैशांत इथेच पुरे होतील, कुठलं खासगी कॉलेज स्वतःची मदत देतं, कुठली शिष्यवृत्ती कागद नसलेल्यांनाही मिळते. दड्रीम डॉट यूएस ही त्यातली मोठी. ज्या राज्यात दार बंद आहे तिथल्या मुलांना दुसऱ्या राज्यातल्या ठरावीक कॉलेजांत शिकायला त्यांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. इमिग्रंट्स रायझिंग या संस्थेच्या याद्याही कामाच्या. यातलं दरवर्षी बदलतं, म्हणून मुलासमोरच साइट उघडून खात्री करतो. जुनी यादी हातात देत नाही.

एक गोष्ट टेक्सासबाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रिओ ग्रांदे व्हॅलीतून उत्तरेला जायचं तर हायवेवर सीमा पोलिसांचं ठाणं लागतं. यूएस २८१ वरचं फालफुरियासचं तर सगळ्यांना माहीत आहे. तिथे कागद विचारतात. म्हणजे ऑस्टिनला प्रवेश मिळाला तरी मुलगा तिथवर पोचू शकत नाही. व्हॅलीतल्या कितीतरी हुशार मुलांची कॉलेजं गुणांनी ठरत नाहीत, त्या ठाण्याने ठरतात. बाहेरच्या शिक्षकांनी "एवढं चांगलं कॉलेज सोडून जवळचंच का घेतलंस?" असं विचारण्याआधी हे आठवावं.

खारूताई

मी गव्हर्नमेंट आणि इतिहास शिकवते. माझ्या विषयातला एक धोका इथे आलाच पाहिजे.

बारावीच्या वर्गात मतदार नोंदणीची मोहीम असते. चांगला उपक्रम आहे, मीही घेते. पण शिक्षक गठ्ठा वाटतो आणि म्हणतो, "चला, सगळ्यांनी भरा, पाच मिनिटांत गोळा करतो." फॉर्मवर पहिलाच चौकोन असतो: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? शेजारची सगळी मुलं "हो" वर खूण करताहेत, शिक्षक फॉर्म गोळा करायला बाकापाशी येऊन उभा आहे, अशा वेळी सतरा वर्षांचं पोर काय करेल? तेही खूण करतं. १९९६ नंतर नागरिक असल्याचा खोटा दावा ही अशी चूक आहे की तिने पुढे ग्रीन कार्डचा रस्ता जवळजवळ कायमचा बंद होतो. नागरिकाशी लग्न झालं, भाऊ नागरिक झाला, तरी माफी मिळणं महाकठीण. एच-४ वरच्या आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांनाही हे तसंच लागू होतं, रानजाई, तेव्हा घरी मुलाला नक्की सांगा. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसातही हाच प्रश्न स्क्रीनवर येतो आणि मुलं सवयीने पुढे पुढे दाबत जातात. नोकरीच्या आय-९ फॉर्मवरही येतो.

मी आता फॉर्म वाटत नाही. मागच्या टेबलावर ठेवते, पात्र कोण ते मोठ्याने वाचून दाखवते, आणि सांगते की ज्याला हवा त्याने घरी न्यावा. किती जणांनी भरला ते मोजत नाही. मुख्याध्यापकांना शंभर टक्के नोंदणीचा आकडा हवा होता, त्यांना कारण समजावलं आणि त्यांनी ऐकलं.

सहलींचंही तेच. कॅनडात किंवा मेक्सिकोत जाणारी शाळेची सहल असली की "का येत नाहीस?" असा पिच्छा पुरवू नका. गेलं तर परत येता येणार नाही, हे ते मूल चारचौघांत सांगू शकत नाही.

स्पष्टच_सांगतो

नागरिकत्वाच्या खुणेचं मला माहीत नव्हतं. आमची मुलगी पुढच्या वर्षी लायसन्स काढेल, तिला सांगून ठेवतो. फीबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण मुलांना खरी माहिती मिळावी हे मान्य.

सूक्ष्मदर्शी

युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र शिकवतो. प्रवेश मिळाल्यावर सगळं सुरळीत होतं असं वाटतं, पण खरी भिंत दुसऱ्या वर्षात लागते. बरोबरीची मुलं प्रयोगशाळेत पगारी काम धरतात, उन्हाळ्यात एनएसएफच्या (केंद्राची विज्ञान संशोधन निधी संस्था) आरईयू या संशोधन कार्यक्रमांना जातात. तिथे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच चालतो. १९८६ च्या कायद्याने वर्क परमिट नसलेल्याला नोकरीवर ठेवता येत नाही. डाका असेल तर परमिट असतं, पण २०२१ च्या टेक्सासमधल्या निकालापासून डाकाचे नवे अर्ज घेतात आणि नुसते ठेवून देतात. शिवाय डाकाला जून २००७ पासून इथे राहिलेलं असावं लागतं. आज कॉलेजात येणारी मुलं तेव्हा नुकती जन्मली होती. म्हणजे या पिढीकडे डाका नाही, आणि आमचे बरेच प्राध्यापक अजून "डाका घेऊन टाक" असा सल्ला देतात!

मग काय करता येतं? संशोधन क्रेडिटसाठी करू द्या म्हणजे तो अभ्यासक्रमाचा भाग होतो. विभागाकडे देणगीचे पैसे असतील तर शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप द्या, जिथे कामाच्या तासांचा मोबदला नसतो. हे युनिव्हर्सिटीच्या वकिलांना विचारून करा, आपल्या मनाने नको, कारण यात चूक झाली तर प्राध्यापकापेक्षा विद्यार्थ्याला भोगावी लागते. पेपरवर नाव द्या, कॉन्फरन्सला विमानाने जायचं असेल तर आग्रह धरू नका.

मुख्य विषय निवडण्याआधी लायसन्सचं बोला. नर्सिंगला हॉस्पिटलमधली ड्युटी लागते, तिथे पार्श्वभूमी तपासणीत सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. पदवी मिळून परवाना न मिळणं हे फार वाईट. पण राज्याराज्यांत फरक आहे: कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने व्यावसायिक परवाने स्टेटस न बघता द्यायचं ठरवलं, त्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सर्जियो गार्सिया यांना वकिलीची सनद दिली. न्यू जर्सीने २०२० मध्ये तसा कायदा केला.

लाल_माती

जॉर्जियातून. इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्या चालवणाऱ्या बोर्ड ऑफ रीजंट्सने २०१० मध्ये ठराव केला आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी, जॉर्जिया टेक अशा ठिकाणी या मुलांना बंदी झाली. त्यावर इथल्याच अथेन्स गावातल्या जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्याच काही प्राध्यापकांनी २०११ मध्ये फ्रीडम युनिव्हर्सिटी सुरू केली. दर रविवारी वर्ग, शिकवणारे सगळे स्वयंसेवक, मुलांना गाडीने आणायला-सोडायला माणसं. पदवी नाही, क्रेडिट नाही, पण कॉलेजच्या दर्जाचं शिकवणं आणि राज्याबाहेर अर्ज करायला मदत. नाव साठच्या दशकातल्या कृष्णवर्णीयांच्या फ्रीडम स्कूल्सवरून घेतलं. पुढे ती अटलांटात गेली. आठवडाभर ज्या संस्थेत नोकरी करायची, तिने दार लावलेल्या मुलांना रविवारी शिकवायचं, याला धाडस लागतं. मला तरी शिक्षकांनी काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

मुळामुठा

पुण्यात असते. माझा भाचा तिकडे आहे, साडेसतरा वर्षांचा, कागदांचा घोळ आहे. बहीण म्हणते बारावी झाली की इकडेच पाठवते, इथे इंजिनिअरिंग करेल. हे बरं की वाईट? कुणी सांगेल का?

पाटीखडू

मुळामुठा, हे वाचल्या वाचल्या बहिणीला फोन करा. यात तारखेला महत्त्व आहे.

अठराव्या वाढदिवसापर्यंतचे दिवस बेकायदा राहण्यात धरत नाहीत. अठरानंतर मोजायला सुरुवात होते. १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षभर किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षं. म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर १८० दिवसांच्या आत निघाला तर हा दंड लागत नाही, आणि एकोणीस पूर्ण झाल्यावर निघाला तर परत यायला तिशीच्या आसपास. याचा अर्थ "लगेच पाठवा" असा मात्र नाही. कितीतरी मुलांना इथे राहूनच मार्ग असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. एखाद्या गुन्ह्याचा बळी असेल तर यू व्हिसा, आईवडिलांपैकी कुणी टाकून दिलं असेल तर एसआयजे (अशा मुलांसाठीचा वेगळा दर्जा), नागरिक असलेल्या नातेवाइकाचा जुना अर्ज. देश सोडला की यातले काही रस्ते संपतात. म्हणून अठराच्या आधी इमिग्रेशन वकिलाला किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या संस्थेच्या प्रतिनिधीला दाखवा. ओळखीतल्या "सगळं करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाकडे नको. मी वकील नाही आणि शिक्षकाने वकील होऊही नये. आपण वेळेवर योग्य माणसाकडे पाठवायचं.

भारतात यायचं ठरलंच तर अमेरिकेतल्या हायस्कूल डिप्लोमाचं समकक्ष प्रमाणपत्र लागेल. मार्कलिस्ट शाळेतून निघण्याआधीच सीलबंद घ्या.

मुळामुठा

आत्ताच बोलले. वाढदिवस फेब्रुवारीत आहे. उद्याच वकिलाची वेळ घेतेय म्हणाली. तुमचे आभार कसे मानू.

रानजाई

कुणाचं मूल नागरिक आहे पण आईवडिलांकडे कागद नाहीत, अशांचं काय? मंडळातल्या एकीने विचारलंय, ती इथे लिहिणार नाही.

पाटीखडू

मूल नागरिक असेल तर त्याला केंद्राची मदत मिळू शकते, फॅफ्सा त्याच्यासाठीच आहे. आईवडिलांना नंबर नसला तरी आता स्वतःचं खातं काढता येतं. पण त्यात त्यांची माहिती केंद्र सरकारकडे जाते आणि सध्याच्या वातावरणात ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियात अशा घरांतली मुलं राज्याच्या मदतीपुरता ड्रीम ॲक्टचा फॉर्म भरू शकतात, मात्र मग केंद्राची पेल ग्रँट वगैरे मिळत नाही. काय करायचं ते घराने ठरवायचं, शिक्षकाने दोन्ही बाजू सांगायच्या आणि थांबायचं. शंभर टक्के फॅफ्सा भरून घ्यायची स्पर्धा लावणाऱ्या शाळांनीही हे लक्षात घ्यावं.

आणि शाळांसाठी अजून एक. शाळा-कॉलेजांत इमिग्रेशनची कारवाई टाळायची, हे जुनं धोरण २० जानेवारी २०२५ ला मागे घेतलं. त्यामुळे ऑफिसातल्या माणसांना आधीच माहीत हवं की न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट वेगळं आणि इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या वॉरंटवर वर्गाचं दार उघडायचं बंधन नाही. कागद आला की आपण निर्णय घ्यायचा नाही, डिस्ट्रिक्टच्या वकिलाला फोन. हे आमच्या ऑफिसात टेलिफोनशेजारी चिकटवलेलं आहे.

न्यूयॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टनमधल्यांनी आपापल्या राज्याचे फॉर्म लिहा ना.

खारूताई

वॉशिंग्टनचा फॉर्म वॉस्फा. न्यूयॉर्कमध्ये २०१९ च्या ड्रीम ॲक्टपासून राज्याची मदत आहे, त्याचा अर्ज वेगळा. न्यू जर्सीत राज्यातली फी २०१३ पासून आणि मदत २०१८ पासून. इलिनॉयचा कायदा राइज, २०१९ चा. शिकागोतल्या मैत्रिणीकडून त्याच्या यंदाच्या तारखा विचारून उद्या इथे टाकते.